सोफ्याला पडलेला खड्डा: इलास्टिक पट्टा, फळी की नवा फोम?

सोफा खचला की सांगलीत ज्याला विचाराल तो आपापल्या मालाचं नाव सांगतो. प्लायवूडवाला म्हणतो, गादीखाली फळी सारा. फोमवाला म्हणतो, फोम बदला, सोफा नवा होईल. ऑनलाइन दुकानांत घडीचा सपोर्ट बोर्ड मिळतो. या गर्दीत एका वस्तूकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, ती म्हणजे दोन इंची इलास्टिक पट्ट्याचा रोल. काही दुकानांत त्याला सोफा बेल्ट म्हणतात. घरी करायच्या दुरुस्तीत या चारही वस्तूंमध्ये पैसे खऱ्या अर्थाने वसूल करणारी वस्तू हाच रोल आहे. फळी तात्पुरती. घडीचा बोर्ड बहुतेक सोफ्यांना बसतच नाही. आणि फोम चांगला असला तरी खालची वीण ढिली असेल तर त्याच्यावरचा खर्च वर्षा-दोन वर्षांत त्याच खड्ड्यात जातो.

खाटेला नवार असते तशी सोफ्याच्या सांगाड्यालाही खाली वीण असते. कुठे इलास्टिक पट्टे, कुठे नागमोडी लोखंडी स्प्रिंग, जुन्या सोफ्यांत गोणपाटाचे पट्टे, साध्या लाकडी सोफ्यांत नुसत्या फळ्या. गादी या विणीवर बसते. दोष विणीत आहे की गादीत, हे पाच मिनिटांत कळतं आणि ते कळल्याशिवाय दुकानात जाऊ नये. गादी काढा. सांगाड्याच्या पुढच्या लाकडी दांड्यापासून मागच्या दांड्यापर्यंत एक सरळ काठी आडवी ठेवा. झाडूचा दांडा चालतो. काठी आणि खालचं कापड यांत मधोमध किती फट आहे ते टेपने मोजा. अर्धा-पाऊण इंच असेल तर वीण शाबूत आहे. दोन इंच किंवा जास्त असेल तर वीण गेली. मग गादी सपाट फरशीवर ठेवून कोपऱ्याची आणि मधली जाडी मोजा. मधे इंचभर कमी भरली तर फोमही बसला आहे. गादी चेनची असेल तर बाजू उलटून काही महिने काढता येतात, पण बसलेला फोम पुन्हा उठत नाही.

वीण गेली असेल तर सोफा पाठीवर आडवा करा, खाली सतरंजी घाला. हे दोघांचं काम आहे. एकट्याने ओढला की पाय फरशीवर अडकतो आणि पायाचा स्क्रू लाकडातून उपटून येतो. तळाला पातळ काळं कापड स्टेपलच्या पिनांनी ठोकलेलं असतं. सपाट स्क्रूड्रायव्हर पिनेखाली सरकवून पीळ द्यायचा आणि वर आलेली पिन लांब तोंडाच्या पकडीने ओढायची. तीन बाजू सोडवून चौथी तशीच ठेवली तर कापड परत लावताना सरळ बसतं. मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा, विशेषतः कोपऱ्यातल्या घड्यांचे. तोंडाला मास्क हवा, कारण जुन्या फोमचा पिवळा भुगा इथेच साठलेला असतो. भुग्याऐवजी पिठासारखा लाकडी भुसा आणि दांड्याला बारीक भोकं दिसली तर कीड लागली आहे. असा दांडा बदलल्याशिवाय त्यावर पट्टा ठोकू नये, पिना धरत नाहीत.

आता मुख्य वस्तू, पट्ट्याचा रोल. दुकानात दोन जातींचा पट्टा असतो, पाठीचा आणि सीटचा. दिसायला दोन्ही सारखेच, बहुतेक काळे किंवा पांढऱ्यावर रंगीत रेघा असलेले. पाठीचा पट्टा मऊ असतो, फूटभर धरून ओढला तर सहज दुप्पट होतो. सीटचा ताठ असतो, तेवढ्याच जोराने सोळा-सतरा इंचांपर्यंत येतो आणि पुढे हाताला नकार देतो. सीटला पाठीचा पट्टा लावला तर काम कितीही नीट केलं तरी सहा महिन्यांत झोळी होते. घरगुती दुरुस्ती फसण्याचं हे पहिलं कारण आहे, म्हणून काउंटरवरच ओढून बघा. सोडल्यावर पट्टा पुन्हा बरोबर फूटभर व्हायला हवा. ओढताना त्याची रुंदी फार आवळत असेल तर वीण विरळ आहे. कापलेल्या टोकाकडे नीट पाहिलं तर रबराचे धागे दिसतात. ते दाट आणि सारख्या अंतरावर असावेत. नखाने खरवडल्यावर तुटणारं रबर म्हणजे रोल जुना आहे, गोदामात पडून वाळलेला.

किती घ्यायचा? तीन सीटचा सोफा धरू. आतून लांबी ६६ इंच, पुढच्या-मागच्या दांड्यांतलं अंतर २२ इंच. दोन इंची पट्टा, दोन पट्ट्यांत दीड इंच फट. म्हणजे साडेतीन इंचाला एक, असे एकोणीस पट्टे. घडीसकट प्रत्येकी दोन फूट, एकूण ३८ फूट. त्यात आडवे विणायला लांबीचे चार, प्रत्येकी पावणेसहा फूट, म्हणजे २३ फूट. बेरीज ६१ फूट, जवळजवळ १९ मीटर. वीस मीटर घेतला की काम भागतं. फट दीडऐवजी तीन इंच ठेवून पट्टा वाचवणारे असतात. मग फोम त्या फटींतून खाली उतरतो आणि गादीच्या पोटात पट्ट्यापट्ट्यांचे ठसे उमटतात.

पट्टा दांड्याच्या वरच्या अंगावर ठोकायचा, खालच्या नव्हे. कितीतरी व्हिडिओंत सोफा उलटा करून तळालाच पट्टे मारलेले दिसतात, कारण ते सोपं आहे. वरचं कापड उसवावं लागत नाही. पण पट्टा वरच्या अंगावर असला की बसणाऱ्याचा भार दांड्याच्या कडेवरून वळून पिनांना आडवा ओढतो, आणि लाकूड पिनेला आडव्या ओढीत घट्ट धरतं. खालून ठोकलेल्या पट्ट्याच्या पिना तोच भार सरळ खाली उपटत असतो. पहिल्या आठवड्यात काही वाटत नाही. मग एकेक पिन निसटायला लागते, शेजारच्यांवर भार वाढतो आणि एके दिवशी अख्खा पट्टा सुटतो. म्हणून गादीखालचं कापड मागच्या बाजूने सोडवून वरूनच काम करावं. वेळ दुप्पट लागतो, पण या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

ताण मोजून द्यायचा. अंदाजाने ओढलेला पहिला पट्टा घट्ट असतो, हात दमल्यावर दहावा ढिला होतो, आणि सीट एका बाजूला कलते. २२ इंचांच्या अंतरासाठी पट्टा मागच्या दांड्यावर ठोकून झाला की दांड्याच्या आतल्या कडेपासून वीस इंचांवर पेनने खूण करा. ती खूण पुढच्या दांड्याच्या आतल्या कडेला येईपर्यंत ओढा. दहा टक्के ताण झाला, सीटला एवढा पुरे. हाताची पकड राहत नसेल तर पट्टा फूटभर लांबीच्या लाकडी तुकड्याला दोन वेढे देऊन तो तुकडा दांड्यावर टेकवायचा आणि कलवायचा. तरफेसारखा पट्टा आपोआप येतो. पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत ओढण्याचा मोह होतो, कारण सीट टणक लागते. पण एकोणीस पट्ट्यांची ओढ एका दांड्यावर येते हे विसरू नये. हलक्या लाकडाचा पुढचा दांडा मधोमध आत वाकतो आणि मग सोफ्याची पुढची कडच सरळ राहत नाही.

ठोकताना प्रत्येक टोकाला चार-पाच पिना, मग टोक इंचभर दुमडून वरून पुन्हा चार-पाच. पिना एका सरळ ओळीत नकोत. लाकडाच्या रेषेवर ओळीने पिना बसल्या की दांडा तिथेच चिरतो, म्हणून वर-खाली अशा मारा. पिनेची पाठ पट्ट्यावर टेकलेली हवी, पट्ट्यात रुतलेली नको. रुतली की ती रबराचे धागे कापते. हाताच्या साध्या स्टेपलगनने आंब्याच्या किंवा तशाच हलक्या लाकडात बारा मिमीच्या पिना पूर्ण बसतात. साल किंवा सागाच्या दांड्यात अर्ध्यावरच अडकतात. तिथे गनशी झगडू नये, पाऊण इंची रुंद डोक्याच्या चुका, म्हणजे छोटे खिळे, हातोडीने ठोकाव्यात, एका टोकाला पाच. सुरुवात मधल्या पट्ट्यापासून करून एक डावीकडे, एक उजवीकडे असं जावं. उभे पट्टे झाले की आडवे चार एकाआड एक खालून-वरून विणायचे. वीण हवीच. तिच्यामुळे एका पट्ट्यावर पडलेला भार शेजारच्यांत वाटला जातो. काम झाल्यावर तळहाताने जोर दिला तर सीट इंच-दीड इंच खाली जाऊन लगेच वर यायला हवी.

सुती नवार स्वस्त आहे, घरात पडूनही असते, म्हणून वापरावीशी वाटते. नवार ताणली जाते, पण परत येत नाही. खाटेची नवार पुन्हा आवळता येते, सोफ्यातली आवळायला दरवेळी सोफा उघडावा लागेल. सीटला नकोच.

स्प्रिंगच्या सोफ्यात बहुतेक वेळा स्प्रिंग तुटलेली नसते, तिची क्लिप निसटलेली असते. क्लिपचं जुनं भोक मोठं झालेलं असतं, त्यात पुन्हा खिळा मारून उपयोग नाही. क्लिप अर्धा इंच सरकवून नव्या लाकडात इंची स्क्रूने बसवा, किंवा भोकात बांबूची काडी फेविकॉल लावून ठोका, एक दिवस वाळू द्या आणि मग स्क्रू मारा. क्लिपच्या आत प्लास्टिकचं अस्तर असेल अशीच घ्या, नाहीतर लोखंडावर लोखंड घासून सोफा कुरकुरतो. स्प्रिंग ओढून क्लिपमध्ये अडकवताना डोळ्यांवर चष्मा घाला आणि तोंड तिच्या रेषेत ठेवू नका. हातातून सुटली तर जोरात उसळते. स्प्रिंगमधलाच ताण गेला असेल तर तिच्याखाली टेकतील असे चार-पाच इलास्टिक पट्टे दांड्यांच्या आतल्या अंगाला ठोकून आधार देता येतो. हा इलाज बरेच दिवस टिकतो.

पट्टे मारण्याआधी सांगाडाही हलवून बघा. कोपरा डुगडुगत असेल तर सांध्यातला जुना सरस खरवडा, फेविकॉल भरा आणि क्लॅम्प नसेल तर सांगाड्याभोवती दोरी बांधून तिच्यात काडी घालून पीळ द्या. चोवीस तास तसंच ठेवा. मग आतून तिकोनी लाकडी ठोकळा दोन इंची स्क्रूंनी बसवा; स्क्रूआधी तीन मिमीचं भोक पाडा, नाहीतर वाळलेला दांडा फुटतो. तीन सीटच्या सोफ्याचा पुढचा दांडा मधे खाली वाकला असेल तर त्याखाली मधोमध एक पाय वाढवणं हाच सरळ उपाय आहे.

फळीचं काय? बारा मिमीची प्लाय, दोन्ही दांड्यांवर किमान इंचभर टेकेल अशी कापून ठेवली तर खड्डा त्याच दिवशी जातो. नऊ मिमीची वाकते. सांगलीच्या टिंबर एरियात, म्हणजे लाकडाच्या बाजारात, प्लायचे तुकडे मापाने कापून मिळतात, पूर्ण आठ बाय चारची शीट घ्यायची गरज नसते. शिक्का बघा: आयएस ३०३ ही नेहमीची प्लाय, आयएस ७१० ही पाण्याला टिकणारी. पण खालची वीण थोडी झुलते म्हणून गादीवर एकदम भार येत नाही. फळी झुलत नाही, सगळा दाब फोमवर येतो आणि फोम लवकर बसतो. ओल्या हवेत फळीखाली कोंदट वासही येतो, म्हणून तिला सहा-सात इंचांवर इंची भोकं पाडावीत आणि कडा घासून घ्याव्यात. ज्यांना गुडघ्यांमुळे खोल सीटवरून उठता येत नाही अशा वडीलधाऱ्यांच्या जागेसाठी मात्र फळी मुद्दाम ठेवण्यासारखी आहे. तिथे टणकपणाच हवा असतो.

ऑनलाइन मिळणारा घडीचा बोर्ड म्हणजे कापडात शिवलेल्या पातळ फळ्या. तो दांड्यावर टेकला तरच आधार देतो. आधीच झोळी झालेल्या विणीवर नुसता ठेवला तर तोही तिच्याबरोबर खाली जातो. मागवण्याआधी दांड्याच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं माप आणि बोर्डाची खोली पडताळा. आतली फळी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली, असेल तर घेऊ नका, ओल लागली की फुगते.

फोमच्या बाबतीत फसवणूक सर्वांत सोपी आहे, कारण कव्हर चढल्यावर आत काय आहे हे कुणी बघत नाही. ३२ डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ३२ किलो, ४० म्हणजे ४० किलो. डेन्सिटीचा टणकपणाशी थेट संबंध नाही. ४० चा फोम मऊ असू शकतो आणि स्वस्तातला २३ चाही हाताला टणक लागू शकतो. म्हणून दुकानात बोटाने दाबून ठरवण्यात अर्थ नाही, वजन करावं. लांबी, रुंदी, जाडी इंचांत घेऊन गुणाकार करा, त्याला डेन्सिटीने गुणा आणि ६१,००० ने भागा. उत्तर किलोत येतं. २४ बाय २४ बाय ४ इंचांचा तुकडा ३२ डेन्सिटीत साधारण १ किलो २०० ग्रॅम आणि ४० मध्ये दीड किलो भरतो. सहा बाय तीन फुटांची चार इंची शीट ४० मध्ये सुमारे ६ किलो ८०० ग्रॅम, ३२ मध्ये जेमतेम साडेपाच किलो. भाजीचा छोटा काटाही यासाठी पुरतो. वजन बरोबर भरलं तरी कापलेली कड बोटांत चोळून बघा. खडूसारखी भुकटी लागली तर वजन वाढवायला भर घातलेली आहे आणि असा फोम लवकर चुरतो.

रोजच्या वापराच्या सीटला ४० च हवा. ३२ पाठीला किंवा पाहुण्यांपुरत्या सोफ्याला चालतो. चार इंचांत तीन इंच ४० चा आणि वर एक इंच मऊ, ही जोडी अंगाला सर्वांत बरी लागते. रिबाँडेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला फोम टिकतो, पण एकटा वापरला तर दगडासारखा लागतो. खाली इंचभर घालायला ठीक. सहा बाय तीन शीटमधून साडेबावीस इंची तीनच तुकडे निघतात, बाजूला साडेतेरा इंचांची पट्टी उरते. ती दुकानात सोडू नका, हातांच्या आणि पाठीच्या भरणीला येते.

तुकडा कव्हरपेक्षा लांबी-रुंदीला अर्धा इंच मोठा कापावा. बरोबर मापाचा कापला तर कव्हर कोपऱ्यात सैल राहतं आणि महिन्याभरात सुरकुत्या पडतात. लांब पात्याचा नवा कटर घेऊन न दाबता तीन-चार हातांत कापा; दाबलं की कड तिरकी जाते. थर जोडायला रबर सोल्यूशन दोन्ही बाजूंना, फक्त कडेने चार बोटं रुंदीचं लावा, बोटाला चिकटेनासं झालं की जोडा. मधे सगळीकडे फासलं तर वाळल्यावर पापडासारखा कडक थर होतो आणि तो बसताना लागतो. त्याचा वास उग्र असतो आणि वाफ पेट घेते. खिडक्या उघडा, गॅस बंद करा, देवघरातला दिवा विझवा. जुन्या फोमच्या खड्ड्यावर नवा थर घालू नये, तोही खड्ड्याचाच आकार घेतो. कव्हर चढत नसेल तर फोम पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाबून हवा काढा, आत सरकवा आणि मग पिशवी ओढून घ्या.

सांगलीत एक वेगळी अडचण आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी ज्या घरांत शिरलं तिथले काही सोफे वरून धुऊन, उन्हात वाळवून वापरात राहिले. असा सोफा आता खचला असेल तर फक्त पट्टे बदलून भागणार नाही. फोमच्या आतला गाळ धुऊन निघत नाही, तो फोम टाकूनच द्यावा. नेहमीच्या प्लायचे थर सुटलेले असतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तो तुकडा बदला. पिना गंजून लाकडात तुटतात आणि त्यांची टोकं तिथेच राहतात. ती हातोडीने बसवून घ्या, नाहीतर नवा पट्टा त्यांवर घासून फाटेल. नव्या पिना जस्ताचा मुलामा असलेल्याच घ्याव्यात. नदीकाठच्या वस्तीत तर सर्वांनीच.

रिक्लायनर, शिवलेल्या चामड्याचा सोफा किंवा कीड लागलेला सांगाडा घरी उघडू नये, कारागिराला द्यावा. भाव सीटवर सांगितला जातो, म्हणून त्या भावात काय काय आहे ते आधी विचारा: पट्टा सीटचा आहे का, सीटला किती पट्टे, फोमची डेन्सिटी बिलावर लिहून मिळेल का. कव्हर शिवण्याआधी फोम बघायला बोलवायला सांगा आणि जुना फोम परत मागा. चांगला कारागीर यातल्या कशालाही नाही म्हणत नाही.

घरी केलेल्या कामात तळाचं काळं कापड लगेच ठोकू नका. आठवडाभर सोफा रोजच्यासारखा वापरा, मग पुन्हा पाठीवर आडवा करून बॅटरीच्या उजेडात प्रत्येक पट्ट्याचं टोक आणि विणीचा ताण बघा. वर आलेली पिन हातोडीने बसवा. ढिला पडलेला पट्टा कुठला ते हात लावताच कळतं. तेवढा एक सोडवून पुन्हा ताणा आणि मग कापड लावा.